त्याच दुकानाचा ड्रेस

परवा आमच्या गिरणीवर दळण टाकायला आलेली एक पोर मला म्हणाली, "काकू, त्या हायवेच्या दुकानात सेल लागलाय, येताय का?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ज्वारीचा डबा हातातून सुटायचा राहिला. तिला बिचारीला काय माहीत! ती सून म्हणून नुकतीच गावात आलीये. तिला म्हटलं, "बाई, त्या दुकानाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस, नाहीतर तुझं दळण जाडंभरडं निघेल." ती हसली. मी हसले नाही.

दुकान म्हणजे बायकांच्या कपड्यांचं. ना फार महाग, ना फुटपाथवरचं. पुण्यात त्याची पुष्कळ दुकानं आहेत, आणि कापूरहोळच्या पुढं, पुण्याच्या अंगाला, हायवेलाच एक निघालं. आमचं गाव आंबवड्याच्या बाजूचं. एसटीनं भोर, भोरवरून कापूरहोळ, तिथून पुढं वडापची जीप. एवढा द्राविडी प्राणायाम करून आम्ही बायका तिथं जायचो, कारण आमच्या घरात, आणि आमचं बघून निम्म्या गावात, लग्न झालेल्या बाईला ड्रेस घालायचा तर तो त्याच दुकानाचा, असा कायदा होता. कायदा आमच्या सासूबाईंनी केला होता. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

हे कसं झालं ते सांगते. माझी धाकटी जाऊ भोरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिचं काम बसून करायचं नाही. सकाळी स्कूटर काढायची, आज ह्या वाडीला, उद्या त्या गावाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन रक्त काढायचं आणि ऊन चढायच्या आत बाटल्या लॅबमध्ये पोचवायच्या. एसटीच्या भरवशावर हे काम होत नाही. पहिलं वर्षभर ती हे सगळं नऊवार नाही तरी सहावार साडीत करत होती. डोक्यावरून पदर, पदरावर हेल्मेट. एकदा उतारावर तिचा पदर मागच्या चाकात गेला आणि ती फरफटली. कोपर सोलून निघालं, नशीब मागून टेम्पो नव्हता. घरी आली तेव्हा आत्याबाईंनी हळद लावली, आणि मी तेवढ्यात संधी साधली. म्हटलं, "आत्याबाई, हिला ड्रेस घालू द्या. न्हाईतर एक दिवस चाकातनं काढावी लागंल."

आत्याबाई म्हणाल्या, "आदी मला दाव कसला ड्रेस ते."

गंमत बघा. धाकटीचं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. तिथं शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्या पोरी अर्ध्या चड्डीत येतात, गावातल्या बायका त्यांना पिठलं-भाकरी वाढतात, "दमलीस का गं बाळा" म्हणतात. त्या पोरींना कोणी काही बोलत नाही. आणि वाढणाऱ्या सुनेनं गुडघ्याखाली येणारा ड्रेस घातला की गाव गोळा! पोटच्या पोरीसारखं परक्या पोरींचं कौतुक, आणि घरच्या सुनेच्या पदरावर पहारा. ह्याचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

तर तो पहिला ड्रेस. निळा, लांब बाह्यांचा, आतून अस्तर. आत्याबाईंनी तो ओसरीवर उलटा केला. दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणली. दाराशी उजेडात धरून आरपार दिसतं का बघितलं. आत दुमडलेलं कापड चिमटीत धरून बघितलं, म्हणजे अंगानं भरली तर उसवून मोठा करता येईल का ते. मग घडी घालून धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्ये चालंल. पर ह्याच दुकानाचा घ्यायचा. दुसरीकडचा आणलास तर अंगाला लावू देणार न्हाई."

आत्याबाईंचा शब्द आमच्या आळीत चालतो. त्यांनी चालेल म्हटलं म्हटल्यावर शेजारच्या सासवांनाही नाही म्हणता येईना. बघता बघता ज्या त्या घरात खुंटीला त्या दुकानाची पिशवी दिसायला लागली. पिशवी मुद्दाम दिसेल अशी टांगायची, म्हणजे आल्यागेल्याला कळावं की ड्रेस कुठला आहे. मीसुद्धा गिरणीवर ड्रेस घालायला लागले. गिरणीच्या पट्ट्याजवळ पदर म्हणजे जीवाशी खेळ, पण ते इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, खरं सांगते.

आणि कपडा होताही तसा! खोटं कशाला बोलू? उन्हात वाळवा, दगडावर आपटा, रंग तिथल्या तिथं. गिरणीवर बायका दळण होईतो बसायच्या आणि त्या दुकानाचं एवढं कौतुक चालायचं की जसं काही दुकानवाला आमचा भाऊच.

मग हळूहळू मामला बिघडला. आधी अस्तर गेलं. मग आत दुमडलेलं कापड गेलं, शिवण पार काठावर आली. मग एका बाईचा ड्रेस पहिल्या धुण्यात वीतभर आखडला. दुसरीचा उजेडात उभं राहिलं की आतलं सगळं दिसेल असा. बाजूचे कट वर वर चढत चालले. एल साइज म्हणून आणावा तर घरी येऊन एमसारखा बसायचा. किंमत मात्र एकदाही खाली आली नाही. उलट पिशवी आणखी चकचकीत झाली.

आता कोणी म्हणेल, मग बोलायचं की! दुकान बदलायचं! अहो, कसं बोलणार? दुकान बिघडलं असं एकदा सासवांच्या कानावर गेलं की ड्रेसच बंद. कायदा कापडाचा नव्हता, दुकानाचा होता. म्हणून आमची मतं दोन झाली. एक गिरणी चालू असताना, तिच्या घरघरीत, एकमेकींच्या कानाला लागून: "जळलं मेलं त्यांचं कापड, दोन धुण्यात पोतेरं झालं." आणि एक गिरणी बंद झाल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "काय बाई कपडा असतो त्या दुकानाचा!" मनातल्या मनात शिव्या आणि तोंडानं आरती.

आणि हात बांधून बसलो नव्हतो आम्ही. नवा ड्रेस आणला की आत्याबाई रानात गेल्या असतील ती वेळ धरून मी शिलाई मशीनवर बसायचे. आतून दुहेरी टीप मारायची. बगलेत जुन्या परकराचा तुकडा जोडायचा. पातळ असला तर अस्तर लावायचं. मग ड्रेस पुन्हा त्या चकचकीत पिशवीत घालायचा, साळसूद तोंड करून आत्याबाईंपुढं ठेवायचा. त्या शिवण ताणायच्या आणि म्हणायच्या, "हाय बाबा. अजून इमान हाय त्यांच्यात." इमान! इमान माझ्या मशीनचं होतं. कंपनीनं जे काम सोडून दिलं ते आम्ही गावोगावच्या बाया फुकटात करत होतो, वर श्रेय तिलाच देत होतो. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

एवढ्यावरही हे निभावलं असतं. पण सप्ताहाच्या काल्याचा दिवस आला.

आमच्याकडं नव्या कपड्याची घडी आपण आपली मोडत नाही. आधी दुसऱ्या कोणाला तरी, आपल्या माणसाला, एकदा अंगावर घालायला द्यायचा, मग आपण घालायचा. साडीचं हे सगळीकडंच चालतं, आम्ही दोघी जावांनी ड्रेसलाही तेच चालू ठेवलं होतं. माझ्या ड्रेसची घडी ती मोडणार, तिच्याची मी. त्या वेळी मी माझ्यासाठी हिरवा ड्रेस आणला होता. आदल्या संध्याकाळी मी एसटीतून उतरले तर आत्याबाई पारावरच बसलेल्या. पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली, ती घरी जाऊन थेट त्यांच्या ट्रंकेत. शिवण ताणून बघायलाही त्या विसरल्या, इतका आता विश्वास. सकाळी उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि ड्रेस धाकटीच्या हातात दिला. "काल्याचा दिस हाय. नवं घाल. थोरलीची घडी मोड."

मी चुलीपाशी होते. धाकटीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मशीनवर बसायला वेळच नव्हता. आणि "थांबा, आधी शिवते" असं तोंडानं म्हणायची सोय नव्हती.

सकाळभर स्कूटरवर तो ड्रेस टिकला. दुपारी ती लॅबमधून थेट देवळात आली. पंगत बसली होती. सुनांनी वाढायचं असतं. तिनं आमटीची बादली उचलली आणि पुरुषांच्या पंगतीत शिरली. तिसऱ्या की चौथ्या पानावर ती वाकली आणि टर्र झालं. बगलेपासून कंबरेपर्यंत. शिवण उसवली म्हणजे आतलं सगळं उघडं.

दुसरी कोणी असती तर बादली टाकून पळाली असती. तिनं कोपर अंगाशी घट्ट दाबलं, ओढणी त्यावर ओढली, आणि रांगेच्या शेवटच्या पानापर्यंत आमटी वाढत गेली. मागं पुरुषांतलं कोणीतरी हसलं. बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, चांगला मोठ्यानं: "म्हणून म्हणते, साडी ती साडी!" मी धावत जाऊन माझा पदर तिच्याभोवती टाकला. काल्यासाठी मी साडीत होते, तेवढंच नशीब. तिच्या डोळ्यातून टिपूस नाही.

घरी आल्यावर आत्याबाई उंबऱ्यात उभ्याच. "उद्यापास्नं साडी," त्या म्हणाल्या. "दोगींनी बी."

धाकटी म्हणाली, "आणि गाडी?"

"गाडी ठिवून दे."

"मग काम?"

आत्याबाईंनी मान फिरवली. म्हणजे कामही गेलं. मला राहवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, कापड फाटलं, त्यात तिचा काय गुन्हा? तिनं काय केलं?"

"दुकान चांगलं म्हणून तूच सांगत व्हतीस न्हवं? चांगल्या दुकानाचा ड्रेस असा फाटतो व्हय? हिनंच कायतरी ओढाताण केली असंल. न्हाईतर अंगानं सुटली असंल."

झालं! दुकान खरं, सून खोटी. आणि हे आम्हीच वर्षानुवर्षं आमच्या तोंडानं शिकवलेलं. धाकटीला वाचवायचं तर दुकान खोटं म्हणायला हवं, आणि दुकान खोटं म्हटलं तर ड्रेस बंद. दोन्हीकडून बंदच होता, मग मी कशाला गप्प बसू? म्हटलं, "चला दुकानात. त्यांच्याच तोंडनं ऐका." मला वाटलं, नाही म्हणतील. तर त्या म्हणाल्या, "चल. मी बी बघते."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं लॅबला सुट्टी सांगितली आणि आम्ही तिघी साडीत निघालो. आत्याबाईंच्या काखोटीला कापडी पिशवी. त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकानात गारेगार हवा, गाणी, आणि दारातच बिनडोक्याच्या पुतळ्याला घातलेला तोच हिरवा ड्रेस. काउंटरवरच्या पोरीला मी फाटका ड्रेस दाखवला. तिनं बोटाच्या टोकांनी उचलला. "मॅडम, ह्याचा टॅग काढलाय. यूज केलाय तुम्ही. रिटर्न नाही होणार."

"अगं, घातल्याशिवाय फाटेल कसा?" मी म्हटलं.

तिनं मॅनेजरला बोलावलं. तो आला, हसतमुख, शर्ट इस्त्रीचा. त्यानं ड्रेसकडं नाही, धाकटीकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत. "मॅडम, थोडी बॉडी वाढली की होतं असं. पुढची साइज घ्यायची होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई सकाळी भाकरी खाऊन निघते ती दुपारी परत तोंडात घास घालते, तिची हाडं मोजून घ्यावीत! मी बोलणार एवढ्यात आत्याबाईंनी कापडी पिशवी उघडली. त्यातून तो पहिला निळा ड्रेस काढला. विटलेला, पण धड. तो त्यांनी काचेच्या काउंटरवर उलटा करून पसरला, शेजारी हिरवा. "ह्यो बी तुमचाच. ह्यो बी तुमचाच. सांगा मला, काय झालं मदी?"

"आजी, तो जुना स्टॉक. आता कस्टमरना लाइटवेट लागतं. आणि आता कोण एकच ड्रेस इतकी वर्षं घालतं? फॅशन बदलते ना." मग त्यानं मोबाईल काढला. "हे बघा, आपल्या ब्रँचला लोकांनी किती चांगलं लिहिलंय. फाईव्ह स्टार." आणि वाचायला लागला, "कपडा एकदम मजबूत, शिलाई छान, माझ्या सासूबाईंनाही खूप आवडला."

मी धाकटीकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. मोबाईलवर त्या ओळीशेजारी छोट्या गोलात तिचाच फोटो होता. काउंटरवरच्या पोरी बिल करताना स्टार द्या म्हणून मागं लागायच्या, त्यावरून एकदा घरी आत्याबाईंसमोर बसून तिनं ते लिहिलं होतं, मोठ्यानं म्हणत.

"कुणी लिवलंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

"खोटं लिवलंस?"

"व्हय."

"का?"

"खरं लिवलं असतं तर तुमी ड्रेस बंद केला असता." ती एवढं मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "शिवणी ताई घालतात. इतकी वर्सं. तुमी ताणून बगता त्या सगळ्या ताईंच्या. दुकानाची एक न्हाई."

मला वाटलं, आता आत्याबाई माझ्या नावानं तिथंच बोटं मोडणार. त्या वळल्या, जवळच्या रांगेतला एक नवा कोरा ड्रेस हँगरवरून ओढला, बगलेशी दोन्ही अंगठे लावले आणि ताणला. टर्र. दुसरा ओढला. टर्र.

"ओ आजी! काय करताय! भरून द्यावं लागेल!" मॅनेजर ओरडला.

"देते की," आत्याबाई म्हणाल्या. "आदी भरल्या पंगतीत माझ्या सुनंची लाज गेली ती भरून दे. मग माग माझ्याकडं."

दुकानातल्या बायका थांबून बघायला लागल्या. दोघीतिघींनी हळूच हातातले ड्रेस उलटे केले आणि शिवणी बघितल्या. मॅनेजरनं मग पैसे मागितले नाहीत. पुढच्या खरेदीवर सूट देतो म्हणाला आणि एक कुपन पुढं केलं. माफी? एक शब्द नाही. "चुकलं" एवढं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? मी ते कुपन तिथंच काउंटरवर फाडलं, दोन्ही ड्रेस उचलले, आणि आम्ही बाहेर पडलो.

कापूरहोळच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो. आत्याबाई मांडीवरच्या निळ्या ड्रेसची शिवण चाचपत होत्या. एसटीतही तेच. माझ्या मनात मात्र नुसती आग. दुकानाचा राग तर होताच. पण खरं सांगू? त्याहून मोठा राग हा की आमचं बाहेर पडणं, आमचं काम, आमचा जीव चाकात जाणं न जाणं, हे सगळं कुठल्यातरी कंपनीच्या दोऱ्यावर टांगलेलं होतं. त्यांनी दोरा स्वस्तातला घेतला की इकडं एका बाईची नोकरी जाणार. त्यांना पत्ता नाही, आणि आम्ही विचारायचं नाही. साडी काय कधी फाटत नाही? साडी फाटली तर नवी आणतात, बाईला घरी नाही बसवत.

घरी आल्यावर मी मशीन ओसरीवर ओढलं, आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर, भर उजेडात. हिरवा ड्रेस उलटा केला आणि दुहेरी टीप मारली. हिरवा दोरा संपला होता, काळा घातला. लपवायचं काय आता! आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. बघत होत्या. मी विचारलं नाही.

सकाळी धाकटी तो ड्रेस घालून बाहेर आली. बगलेत माझी काळी टीप चांगली ठळक दिसत होती. तिनं कोणाला विचारलं नाही. रक्ताच्या बाटल्यांचा डबा स्कूटरला लावला, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली.

"धाकटे, थांब," ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला.

तिनं गाडी बंद केली नाही. पाय टेकवून, मान न वळवता तशीच थांबली. माझ्या हातात भाकरीचं पीठ तसंच. आत्याबाई उठल्या, कमरेवर हात ठेवून पायऱ्या उतरल्या, तिच्याजवळ गेल्या. तिच्या पाठीवर लोंबणारी ओढणी त्यांनी हातात घेतली आणि कमरेशी गाठ मारली. मग गाठ ओढून बघितली, दोन्ही अंगठ्यांनी.

"चाकात जाईल," त्या म्हणाल्या. "जा आता, उशीर व्हतोय."